चिरूट, ओल आणि एक फसवे रूपक

टोमास मान यांच्या 'मॅजिक माउंटन' (१९२४) या कादंबरीवर लिहिणारे काळाविषयी लिहितात, क्षयाविषयी लिहितात, सेतेम्ब्रिनी आणि नाफ्ता यांच्या वादाविषयी तर पानेच्या पाने लिहितात. नायक हान्स कास्टॉर्प याच्या चिरुटाकडे त्यांचे लक्ष गेलेच, तर ते केवळ प्रतीक म्हणून जाते. 'मारिया मान्चिनी' हा त्याचा लाडका चिरूट. दावोसच्या उंचीवर पोहोचताच त्याची चव हरवते आणि समीक्षकाला आजाराची पहिली चाहूल सापडते. हे ठीकच आहे. परंतु त्याच कादंबरीत, हॉफराट बेरेन्सशी गप्पा मारताना, कास्टॉर्प चिरूट साठवण्याविषयी जे सांगतो त्याकडे आमच्या पाहण्यात कोणी वळलेले नाही. ओल लागू नये म्हणून त्याने एकदा आपले चिरूट हवाबंद पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि आठवड्याभरात ते 'मेले'. चिरूट श्वास घेतात, ते सजीव असतात, हा त्याचा निष्कर्ष.

रूपक म्हणून हे सुरेख आहे. मरणाने भारलेल्या त्या कादंबरीत ते चपखलही बसते. मात्र घरात चिरूट बाळगणाऱ्यांनी हे रूपक शब्दशः खरे मानले आणि त्यातून बरेच नुकसान ओढवून घेतले, असे आमचे मत आहे. चिरूट सजीव, म्हणून त्याला पाणी पाजायचे. तो श्वास घेतो, म्हणून पेटीचे झाकण वरचेवर उघडायचे. वस्तुतः चिरूट म्हणजे वाळवलेले, आंबवलेले, गुंडाळलेले पान. ते श्वास घेत नाही. भोवतालच्या हवेशी पाण्याची देवाणघेवाण तेवढी करते. हवा दमट असेल तर पाणी घेते, कोरडी असेल तर देते. पापड करतो तेच. आपल्या भाषेने या क्रियेसाठी 'सादळणे' असे नेमके क्रियापद घडवून ठेवले आहे आणि त्यात जीव, श्वास, मरण यांचा मागमूस नाही. सादळलेला पापड कोणी आजारी म्हणत नाही.

या पेटीचे 'ह्युमिडॉर' हे नावदेखील दिशाभूल करणारे आहे. दमटपणाच्या शब्दाला हे शेपूट 'कस्पिडॉर', म्हणजे पिकदाणी, या शब्दाच्या धर्तीवर जोडले गेले, असे कोशकार सांगतात. (पिकदाणीचा तो शब्द मूळचा पोर्तुगीज.) नावातच ओल असल्यामुळे पेटीचे काम ओल पुरवणे हेच, अशी समजूत होते. पेटीचे खरे काम ओल स्थिर ठेवण्याचे. म्हणून तर तिला आतून 'स्पॅनिश सीडर'चे अस्तर असते. हे लाकूड स्पेनचे नव्हे आणि खऱ्या सीडरचेही नव्हे. ते महोगनीच्या कुळातले, अर्थात आपल्या कडुनिंबाच्याही कुळातले. धान्याच्या कोठीत आणि पुस्तकांच्या कपाटात कडुनिंबाचा पाला टाकणाऱ्या घरांना त्याच्या उग्र वासाचा उपयोग वेगळा समजावून सांगायला नको. हे लाकूड हवेतले जास्तीचे पाणी शोषून घेते आणि टंचाई झाली की परत सोडते. म्हणूनच नवी पेटी आणल्या दिवशी भरायची नसते. आधी लाकडाला आठवडा-दोन आठवडे पुरेसे पाणी पिऊ द्यावे लागते, नाहीतर ते चिरुटांचेच पाणी पिते.

आता सत्तर टक्क्यांविषयी. ७० टक्के आर्द्रता हा आकडा या क्षेत्रात मंत्रासारखा जपला जातो आणि जपताना 'सापेक्ष' हे विशेषण गाळले जाते. आपण भाषेची माणसे. गळालेले विशेषण आपल्याला खुपायला हवे. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावेल तिच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेली वाफ. रिकाम्या बंद पेटीतली १८ अंश सेल्सियसची, ७० टक्क्यांवरची हवा २८ अंशांपर्यंत तापली, तर पाण्याचा एक कणही बाहेर न जाता काटा सुमारे ४० वर उतरतो. भरलेल्या पेटीत इतकी पडझड होत नाही, कारण लाकूड आणि चिरूट आपले पाणी सोडून ती भरून काढतात. रात्री पुन्हा उलटा व्यवहार. या रोजच्या ये-जा करण्याने चिरुटाचे बाहेरचे नाजूक पान फुगते, आक्रसते आणि अखेर तडकते. मालक मात्र काटा खाली गेला म्हणून पाणी ओततो. पेटी खिडकीपासून, दूरदर्शनसंचावरून दूर हलवणे हा त्यावरचा फुकटचा उपाय असतो.

हा मंत्र ज्या हवामानात रचला गेला तेही ध्यानात घ्यावे. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात घरे तापवली जातात आणि खोलीतली हवा ठणठणीत कोरडी होते. ओल पुरवण्याचा सारा उपदेश त्या खोलीसाठी आहे. जुलैतल्या मुंबईत बाहेरची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. तिथे पेटीचे काम ओल बाहेर थोपवण्याचे होते, आणि ओला स्पंज आत ठेवणे म्हणजे बुरशीला आवतण. विदर्भातल्या मे महिन्यात पुन्हा सगळे उलटे. उष्णतेने आणखी एक पाहुणा जागा होतो. तंबाखूतला किडा साधारण २४ अंशांच्या पुढे जोमाने वाढतो आणि चिरुटांना सुईच्या टोकाएवढी भोके पाडतो. त्यामुळे आपल्याकडे ७० च्या हट्टापेक्षा ६५च्या आसपास राहणे आम्हांस अधिक शहाणपणाचे वाटते. चिरूट जरा कोरडा असला तर फार तर भरभर जळतो. ओला चिरूट ओढला जात नाही, वाकडा जळतो आणि शेवटी बुरशीने जातो.

साहित्यात या बाबतीत सर्वांत मोठा अपराधी शेरलॉक होम्स. १४० प्रकारच्या तंबाखूच्या राखेवर प्रबंध लिहिणारा, त्रिचनापल्लीच्या चिरुटाची राख पाहताक्षणी ओळखणारा हा गृहस्थ आपले चिरूट कोळशाच्या बादलीत ठेवतो, अशी तक्रार वॉटसनने 'मसग्रेव्ह रिच्युअल'मध्ये (१८९३) केली आहे. वॉटसनला त्यात अव्यवस्थितपणा दिसतो. आम्हांला शेकोटीशेजारची कोरडी धग दिसते. राखेच्या या पंडिताने न जळलेल्या चिरुटाचा विचार केलाच नसावा.

काटा खरे बोलतो का, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यावे, चिखलासारखे होईल इतपतच पाण्याने भिजवावे आणि मापकासह बंद पिशवीत एक दिवस ठेवावे. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मापक ७० दाखवत असेल तर तो ५ ने चुकतो. पितळी तबकडीचे शोभिवंत मापक याहून अधिक चुकताना दिसतात. याच तत्त्वावरची, ओल देणारी आणि घेणारी पाकिटे आता मिळतात, आणि घट्ट झाकणाच्या साध्या प्लास्टिकच्या डब्यात असे पाकीट टाकले की चिरूट वर्षानुवर्षे उत्तम राहतात. म्हणजे कास्टॉर्पचा हवाबंद डबा दोषी नव्हता. त्यात ओलीचा तोल राखणारे काही नव्हते.

त्याच्या रूपकाची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. साठवणीत चिरूट बदलतो. आंबवण्यातून उरलेला अमोनियाचा उग्रपणा हळूहळू ओसरतो, चव निवळते. त्यासाठी महिन्यातून एकदोनदा झाकण उघडणे उपकारक ठरते. याला मुरणे म्हणावे. लोणचेही मुरते.

तंबाखूची तरफदारी आम्हांस करायची नाही. १९२३ पासून १९३९ मधील मृत्यूपर्यंत फ्रॉइडने टाळू-जबड्याच्या कर्करोगापायी तीसहून अधिक शस्त्रक्रिया सोसल्या आणि चिरूट तरीही सोडला नाही. एवढे उदाहरण पुरे.

राहिला प्रश्न आकड्याविना ओल ओळखण्याचा. हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना कादंबऱ्या वाचून दाखवण्याची प्रथा पडली. 'माँतेक्रिस्तो' हे चिरुटाचे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून तिथूनच आले, हे अनेकांना ठाऊक असते. ऐकणाऱ्यांच्या हातातले पान आधी भिजवून मऊ केलेले असे, एवढे सहसा कोणी सांगत नाही. सिन्नर-सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायाही तेंदूचे पान भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून मगच कातरतात, आणि ते पुरते मऊ झाले की नाही हे बोटांनीच ठरवतात. घरच्या पेटीतला चिरूटही अंगठा आणि तर्जनी यांच्यात हलकेच दाबून पाहावा. किंचित दबून परत वर आला तर ठीक. कुरकुरला तर पाकीट बदलावे, आणि बोटाचा ठसा तसाच राहिला तर झाकण दिवसभर उघडे ठेवावे. पावसाळा असेल तर तेही वातानुकूलित खोलीत.