घर-अंगण : पान चिकट का होते?

ज्यांचे बालपण मंगळवेढा, मोहोळच्या शिवारात गेले, त्यांना 'चिकटा' म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. रब्बी ज्वारीवर मावा पडला की पाने तेल लावल्यासारखी चमकतात, हात लावला की बोटे चिकटतात. पुढे त्यावर काळी बुरशी चढते आणि कडब्याची प्रत जाते. शेत सुटले, आपण सोलापुरात आलो, पण चिकट्याने पाठ सोडली नाही. आता तो आपल्या दारातल्या तेलाच्या डब्यात लावलेल्या कोरफडीवर दिसतो.

परवा गल्लीतल्या एका मावशींनी हाक मारली. "भाऊ, जरा कोरफड बघा. पानं चिकट झाली, मुंग्या लागल्या. कुणाची तरी दृष्ट लागली बघा." डब्याला लिंबू-मिरची बांधून झाली होती. मावशी विड्या वळतात, तेव्हा घरात तंबाखू असतेच. तिचे पाणी वाटीत तयार होते. म्हटले, "मावशी, हात भाजला की नातीला याच कोरफडीचा गर लावता ना? मग त्यावर तंबाखूचे पाणी कसे ओतता?"

वाचक बंधू-भगिनींनो, आधी कारण शोधावे, मग औषध. चिकटपणा हा झाडाचा घाम नव्हे. मावा, पिठ्या ढेकूण आणि मऊ खवले कीड झाडात सोंड खुपसून रस पितात. त्या रसात साखर भरपूर, पण अंग वाढायला लागणारी प्रथिने नाममात्र. म्हणून किडीला खूप रस प्यावा लागतो आणि जादा साखर ती मागून टाकून देते. तोच चिकटा. मुंग्या त्या साखरेसाठी येतात आणि खाऊ देणाऱ्या किडीची राखणही करतात. काळी बुरशी साखरेवर वाढते, ती पुसली की जाते.

आता कीड ओळखायची कशी? कोरफड, पानफुटी, जेड यांच्या पानांच्या बेचक्यात, बुडाशी आणि पानाच्या खालच्या बाजूला पाहा. कापसाचे बोळे चिकटल्यासारखे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. तपकिरी फोड दिसले आणि नखाने खरवडल्यावर निघाले तर खवले कीड. कोवळ्या फुलदांड्यावर बारीक हिरवे-काळे किडे दिसले तर मावा. वर काहीच नाही, पण झाड मरगळलेले, तर कुंडीतून काढून मुळे बघावीत. पिठ्या ढेकूण मुळांवरही बसतो. कोरफडीचे पान मोडल्यावर येणारा पिवळा चिकट रस मात्र तिचा स्वतःचा असतो, तो रोग नव्हे.

मावशींच्या कोरफडीवर कीड सापडलीच नाही. मग वर पाहिले. भिंतीवरच्या डब्यात जास्वंद होती आणि तिचे शेंडे पिठाने माखलेले होते. चिकटा तिथून खाली ठिबकत होता. आजारी एक, उपचार दुसऱ्यावर, असे चालले होते.

उपाय साधे आहेत. कीड लागलेली कुंडी बाजूला ठेवा. फार किडलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. मेडिकल दुकानातल्या स्पिरिटमध्ये कापूस भिजवून प्रत्येक किडीला टिपा. चूल किंवा स्टोव्ह जवळ नको. कीड जास्त असेल तर लिटरभर पाण्यात छोटा चमचाभर सौम्य साबण घालून संध्याकाळी फवारा आणि तासाभराने स्वच्छ पाण्याने धुवा. कपडे धुण्याची पावडर वापरू नका. जेड, पानफुटी यांची पाने साबणाने आणि तेलाने भाजू शकतात, म्हणून आधी एका पानावर लावून दोन दिवस थांबा. अंडी व बारीक पिले राहून जातात, तेव्हा दर आठवड्याला असे तीन-चार वेळा करावे लागते. मुळांना कीड असेल तर मुळे धुऊन, झाड दोन-तीन दिवस सावलीत सुकवून, वाळू मिसळलेल्या नव्या मातीत लावा.

तंबाखूतले निकोटिन कातडीतूनही अंगात भिनते. शेतातले औषध बाटलीत भरून घरी आणणे त्याहून वाईट. 2017 साली विदर्भात, विशेषतः यवतमाळ जिल्ह्यात, फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मोकळ्या रानात ही गत, मग एका खोलीच्या घरात, लेकरांच्या हाताशी ते विष कशाला?

एक मात्र लक्षात ठेवा. पिठ्या ढेकणांत एखादा मोठा, झिपऱ्या पांढऱ्या लोकरीचा, चपळ किडा दिसला तर मारू नका. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी असू शकते. ऑस्ट्रेलियातून 1898 साली भारतात आणलेला हा किडा मुख्यतः पिठ्या ढेकणांवर जगतो.

मावशींनी जास्वंदीचे शेंडे छाटले, कोरफड ओल्या फडक्याने पुसली. तीन आठवड्यांत पाने कोरडी झाली, मुंग्याही गेल्या. तेव्हा पान चिकट दिसले की आधी ते उलटून बघा, मग वर बघा. तंबाखूची वाटी खालीच राहू द्या.