जत्रेच्या वहीत विम्याचा रकाना हवा



ऊसबिलाचा हप्ता हाती पडला की आपल्याकडे लग्नसराई आणि गावजत्रा बरोबरच सुरू होतात. मांडव, लाऊडस्पीकर, कुस्त्यांचे मैदान, तमाशा, महाप्रसाद, साऱ्याची सुपारी जत्रा कमिटी आधीच देऊन मोकळी होते. कमिटीच्या वहीत एकच रकाना दिसत नाही, तो विम्याचा. तो यापुढे असलाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

"देवाच्या कामाला विमा कशाला?" असं कुणी म्हणेल. पण आपण ट्रॅक्टरला नारळ फोडतो आणि विमाही काढतो. एकाने दुसऱ्याची गरज संपत नाही. वाई तालुक्यातील मांढरदेवीच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरी झाली आणि सुमारे ३०० भाविक गेले. तेही देवाच्याच दारी आले होते. गेलेला माणूस विम्याने परत येत नाही, हे खरे. पण मागे राहिलेल्या घराची चूल पेटती राहते.

मोठ्या ठिकाणी ही रीत रुळली आहे. मुंबईच्या जीएसबी सेवा मंडळाने २०२५ च्या गणेशोत्सवासाठी ४७४ कोटी रुपयांचा विमा उतरवला. त्यातला मोठा वाटा दागिन्यांचा नव्हता, तर पुजारी, स्वयंसेवक, आचारी यांच्या अपघात विम्याचा होता. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५०,००० गोविंदांचा विमा काढला, तो माणशी ७५ रुपये भरून. आपल्याला कोटींचे आकडे नकोत, पण रीत उचलण्याजोगी आहे.

अशा विम्याची चार अंगे असतात. वळीव पावसाने किंवा अन्य आपत्तीने कार्यक्रम रद्द झाला तर बुडालेला खर्च, मांडव-सामानाचे नुकसान, आयोजकांच्या हयगयीने तिऱ्हाईताला इजा झाली तर त्याची भरपाई, आणि राबणाऱ्या माणसांचा वैयक्तिक अपघात विमा. सगळी अंगे एकाच कागदात आपोआप येत नाहीत. पाऊस धरलाय का, जेवणातून विषबाधा धरली आहे का, मैदानात उतरणारा पैलवान धरलाय का, हे एकेक करून विचारून घ्यावे आणि लेखी घ्यावे. घरच्या भांडणाने लग्न मोडलं तर मात्र पैसे मिळत नाहीत!

आणखी एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगतो. शेतीकामासाठी विमा काढलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत वऱ्हाड बसवू नका. हंगामभर ऊस वाहणारी ट्रॉली माणसं वाहायला नसते. ती उलटली तर आतल्या माणसांची भरपाई द्यायला विमा कंपनी नकार देते आणि बोजा मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकतो. वऱ्हाडाला एस. टी. ठरवावी.

विमा आहे म्हणून बेफिकीर राहून चालत नाही. केरळात कोल्लमजवळच्या देवळात १० एप्रिल २०१६ रोजी परवानगी नसताना आतषबाजी झाली आणि शंभरावर माणसे गेली. परवाना नसेल तर विम्याचा दावाही लटकतो. म्हणून पोलिसांची परवानगी, विजेची अधिकृत जोडणी, गर्दीला यायला एक वाट आणि जायला दुसरी, हे आधी. विमा त्याच्या जोडीला. पावत्या जपाव्यात. काही घडलंच तर त्याच दिवशी कंपनीला कळवून पंचनामा करून घ्यावा.

जत्रा कमिटीत बसणारे बहुतेक आपलेच सभासद असतात. वर्गणी गोळा करताना गाव त्यांच्यावर विश्वास टाकतो, तेव्हा आलेल्या माणसाची जबाबदारीही त्यांचीच. कमिटीच्या पहिल्या बैठकीत, बँडची सुपारी देण्याआधी, विम्याचा विषय घ्यावा. दोन-तीन कंपन्यांचे दर मागवावेत. एखादी कुस्ती कमी झाली तरी चालेल, पण विम्याशिवाय मांडव उभा राहू नये, एवढेच आमचे सांगणे.