गॅसची टाकी लिटरवर नाही, किलोवर विकतात. मग काटा कुठंय?

मंडळी, आपल्या गावात गॅसची गाडी रोज फिरते. गाडीवर टाक्या असतात, पावती असते, वर ‘खुशी’ मागणारा हातही असतो. नसतो तो फक्त वजनकाटा. विचारलं की ठरलेलं उत्तर, “साहेब, सील बघा ना, फुल्ल आहे.”

सील पाहून वजन कळत नाही. टाकी हलवून तर अजिबात कळत नाही. आत एलपीजी द्रवरूपात असतो आणि वर त्याची वाफ. उन्हात तो फुगतो, थंडीत आकसतो. लिटर बदलतात, किलो बदलत नाहीत. म्हणून घरगुती टाकीवर १४.२ किलो छापलेलं असतं, लिटर नाही.

आता हिशेब बघा. एक लिटर एलपीजी साधारण ५४० ते ५५० ग्रॅम भरतो. पाण्याच्या लिटरसारखा एक किलो नाही. म्हणजे १४.२ किलो गॅस साधारण २६ लिटर झाला. टाकीत मात्र ३३ लिटर पाणी मावतं. यावरून “कंपनीच टाकी अर्धवट भरते” अशी ओरड काहीजण करतात. ती चुकीची आहे. गॅस तापून फुगतो, त्याला ती जागा सोडावीच लागते. उगाच तिकडं बोट दाखवलं की खरा चोर सुटतो.

चोरी होते ती गोदाम आणि तुमच्या दाराच्या मधे. टाकीतून अर्धा किलो गेला, तर महिनाभर पुरणारी टाकी एक दिवस आधी संपते. दोन किलो गेले, तर चार दिवस. बाई म्हणते, “या वेळी लवकर संपली,” आणि घरातले तिलाच म्हणतात, जपून वापर!

रिक्षावाल्या भावांनो, तुम्हीही ऐका. पंपावर ऑटो एलपीजीचा भाव लिटरचा असतो. समजा लिटर ५४ रुपये आणि वजन ५४० ग्रॅम, तर किलो १०० रुपयांना पडला. लिटरचा आकडा टाकीच्या किलोशी लावून “स्वस्त आहे” म्हणू नका. आणि घरगुती टाकीतून रिक्षात गॅस भरणं हा गुन्हा तर आहेच, जिवाशी खेळही आहे.

वितरकांना माझा सरळ सवाल आहे. घरपोच देणाऱ्या माणसाने काटा बाळगावा आणि ग्राहकाने मागितलं की वजन करून दाखवावं, हे तुम्हाला माहीत नाही का? मग गाडीवर काटा का नाही? आणि वैधमापन खात्याचे साहेब भाजीवालीची तागडी तपासतात, त्यांना ही गाडी दिसत नाही?

उद्यापासून एवढंच करा. टाकीच्या वरच्या कड्याजवळ पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. समजा ते १५.३ आहे. त्यात १४.२ मिळवा. काट्यावर २९.५ किलोच्या आसपास दिसलं पाहिजे. ठळक कमी भरलं तर टाकी घेऊ नका, पावतीवर तसं लिहून घ्या आणि लेखी तक्रार द्या. काटाच नसेल तर गाडीचा नंबर आणि तारीख मला कळवा. दहा तक्रारी जमल्या की मी त्या घेऊन तहसीलला जातो. कोण येतंय सोबत?