मुलाची पायरी आणि वडिलांचा रक्तदाब



खुटबाव रेल्वे स्थानकाच्या रस्त्याने पहाटे फिरणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक गृहस्थ मध्यंतरी दिसेनासे झाले. ठरलेल्या तपासणीला आले तेव्हा त्यांचा रक्तदाब 168/96 भरला. एरवी वरचा आकडा 130 च्या आसपास असे. गोळ्या नियमित होत्या, आहारातील मीठही वाढलेले नव्हते. “तात्या, फिरणे का सोडले?” असे मी विचारले. बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “डॉक्टर, कट्ट्यावर सगळे विचारतात, पोराला आता कोणतं पद मिळालं? काय सांगू त्यांना?”

तात्यांचे चिरंजीव संगणक अभियंता आहेत. बारा वर्षांचा अनुभव, हाताखाली आठ माणसे. कपातीत ती नोकरी गेली. चार महिन्यांनी एका बड्या तंत्रज्ञान कंपनीने बोलावले, पण तीन-चार वर्षे अनुभव असलेल्या तरुणांना देतात त्या श्रेणीवर. त्यांनी ती नोकरी स्वीकारली. तात्या स्वतः साखर कारखान्यात स्लिपबॉय म्हणून लागले आणि गटप्रमुख होऊन निवृत्त झाले. माणूस पायऱ्या चढतच जातो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. त्यामुळे मुलाचा निर्णय त्यांना पराभव वाटला. (हा प्रसंग त्यांच्या अनुमतीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून लिहीत आहे.)

अशा घरातील वडीलधाऱ्यांनी प्रथम एक गोष्ट समजून घ्यावी. बड्या कंपन्यांची श्रेणी ही कारखान्यातील वा सरकारी कचेरीतील हुद्द्यासारखी नसते. नवा पदवीधर अभियंता गूगलमध्ये साधारणतः तिसऱ्या श्रेणीवर लागतो, ॲमेझॉनमध्ये चौथ्या, तर मायक्रोसॉफ्टमध्ये एकोणसाठाव्या. प्रत्येकाची मोजपट्टी निराळी. शिवाय एखाद्या कंपनीत ‘मॅनेजर’ म्हणवला जाणारा माणूस दुसरीकडे पुन्हा स्वतः प्रोग्रॅम लिहू लागतो, आणि तेथे ते कमीपणाचे मानत नाहीत. बाहेरचा अनुभव कंपनी स्वतःच्या मापाने मोजते. ते माप चुकूही शकते. म्हणून एका श्रेणीवरून मुलाची योग्यता ठरवू नये.

तथापि खालच्या पायरीचा प्रकृतीवर काहीच परिणाम होत नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. लंडनमधील सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास 1967 मध्ये सुरू झाला. त्यात सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट आढळला. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब करूनही ती तफावत पुरती उलगडली नाही. 1985 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात स्त्रियांचाही समावेश होता. त्यातून एक महत्त्वाचा धागा हाती आला: आपल्या कामावर आपला ताबा किती, याचा हृदयविकाराशी संबंध दिसतो. काम कसे करायचे हे ठरवण्याची मोकळीक ज्यांना कमी, त्यांना धोका अधिक. हे निष्कर्ष मोठ्या समूहाचे आहेत. एका मुलाने खालची श्रेणी घेतली म्हणून तो आजारी पडेल, असा त्यांचा अर्थ नव्हे. पण घरात कोणता प्रश्न विचारावा, हे मात्र त्यांतून कळते.

आमच्याच व्यवसायातले उदाहरण सांगतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात अनेक वर्षे काढलेले वैद्यकीय अधिकारी पदव्युत्तर शिक्षणासाठी पुन्हा महाविद्यालयात जातात. तेथे ते कनिष्ठ निवासी डॉक्टर होतात आणि वयाने लहान असलेल्या वरिष्ठांच्या आज्ञेत रात्रपाळ्या करतात. त्यांना ते दिवस सुसह्य होतात, कारण ही पायरी किती वर्षांची आणि कशासाठी, हे त्यांना ठाऊक असते. मुदत आणि हेतू माहीत नसला, तर तीच पायरी माणसाला आतून पोखरते.

म्हणून मुलाला वा मुलीला ‘पद काय?’ असे विचारण्याऐवजी हे विचारा: काम आवडते का? त्यात तुझे कितपत चालते? वरिष्ठ ऐकून घेतात का? बढतीचा विचार केव्हा आणि कशावर होतो? घरी यायला किती वाजतात? निर्णय अजून व्हायचा असेल, तर हीच उत्तरे होकार देण्याआधी त्यांनी कंपनीकडून मिळवावीत. पगाराचा आणि घराच्या हप्त्याचा हिशेबही तेव्हाच मांडावा.

ज्येष्ठांनी स्वतःसाठी एक चौकशी अवश्य करावी. कंपनीच्या गट आरोग्य विम्यात आई-वडिलांना घेता येते का, कोणत्या दिवसापासून, आणि आधीच्या मधुमेह-रक्तदाबाचा खर्च त्यात मिळतो का? नोकरी सुटली की हे संरक्षणही साधारणतः सुटते. त्यामुळे स्वतःची जुनी पॉलिसी असल्यास तिचे नूतनीकरण चुकवू नये.

नोकरी करणाऱ्याकडेही लक्ष असू द्या. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, मद्य वाढणे, माणसे टाळणे, ‘माझा काही उपयोग नाही’ असे बोलणे, ही लक्षणे दिसली तर वेळ दवडू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोला. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर त्या माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

पुढच्या शनिवारी तात्यांचे चिरंजीव त्यांना घेऊन आले. वडील बाहेर बसलेले असताना ते म्हणाले, “काका, खालच्या जागेचं मला फारसं काही वाटत नाही. काम शिकायला मिळतंय. पण घरी आलो की आप्पा माझ्याकडे बघतच नाहीत.” मी तात्यांना आत बोलावले आणि हे वाक्य मुलालाच त्यांच्यासमोर पुन्हा म्हणायला लावले. त्यानंतर दोघेही माझ्याशी फारसे बोलले नाहीत. औषधात थोडा बदल केला, घरी सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून वहीत लिहायला सांगितले, आणि फिरणे पुन्हा सुरू करायला सांगितले.

महिन्याने वही पाहिली. वरचा आकडा 140 च्या आत आला होता. त्यात औषधाचा वाटा किती आणि त्या बोलण्याचा किती, हे मला सांगता येणार नाही. तात्या पुन्हा स्टेशनच्या रस्त्याने फिरू लागले आहेत. कट्ट्यावर काय सांगता, असे विचारले तेव्हा म्हणाले, “सांगतो, पोरगा नवीन काम शिकतोय.”