हौसेचे मोल कोणी द्यावयाचे?

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. परंतु जी हौस सार्वजनिक रस्त्यावर धावते, तिचे मोल पुष्कळदा तिऱ्हाइतालाच द्यावे लागते. पिकअप आणि लहान मालमोटारी जमिनीलगत बसवून मिरविण्याचा जो शौक काही तरुणांत दिसतो, त्याविषयी स्पष्ट लिहिणे म्हणूनच आम्हांस आवश्यक वाटते.

सुटीच्या दिवशी मुंबई-पुण्याची कुटुंबे महाडला उतरतात. कोणी रायगडावर जातात, कोणी सव येथील गरम पाण्याच्या झऱ्यांकडे वळतात. पुढे पोलादपूर आले की एकीकडे कशेडी, दुसरीकडे आंबेनळीचा घाट. 28 जुलै 2018 रोजी आंबेनळीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत कोसळली. त्या बसमध्ये असा काही फेरबदल होता, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु या वाटा चुकीला क्षमा करीत नाहीत, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

गाडी खाली बसविणे म्हणजे केवळ स्प्रिंग कापणे, अशी अनेकांची समजूत आहे. वस्तुतः पुढचे चाक वरखाली होताना त्याला धरणारे दांडे आणि स्टिअरिंगचा टाय-रॉड यांनी परस्परांशी जुळणाऱ्या कमानीत फिरावे, अशी मूळ रचना असते. उंची बदलली की ही जुळणी बिघडते. मग चालकाने चक्र स्थिर धरले तरी खड्ड्यावर चाक आपणहून वळते. स्प्रिंगची हालचालही अपुरी पडते, आणि भरल्या गाडीची चाके पकड सोडू लागतात.

यावर दोन उत्तरे ऐकू येतात. गाडी खाली आली म्हणजे तिचा तोल सुधारतो, हे पहिले. हे अर्धसत्य आहे. गुरुत्वमध्य खाली येतो खरा, परंतु पुढील दांडे तिरपे झाल्याने गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो त्याहूनही अधिक खाली जातो; वळणावरील कल त्यामुळे वाढूही शकतो. अलाइनमेंट करून घेतली की झाले, हे दुसरे उत्तर. परंतु ते यंत्र उभ्या गाडीचे कोन मोजते, आणि घाटात गाडी उभी नसते!

कायदाही संदिग्ध नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकास प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. उणीव आहे ती तपासणीची. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षे टिकते. तोवर तिच्या खाली वाकून कोणी पाहावयाचे? घाटाच्या पायथ्याशी परिवहन खात्याने अशी तपासणी सुरू करावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

कारागिरांनाही आमचे सांगणे आहे. त्यांच्या हातातील कौशल्य आम्ही जाणतो. परंतु ज्या कामाची परीक्षा पुढच्या वळणावर परक्याच्या प्राणांनी होणार, ते काम नाकारणे हेही कौशल्यच आहे. आणि मुलाच्या हट्टाखातर पैसे मोजणाऱ्या सुशिक्षित पालकांनी समोरून येणाऱ्या एस.टी.तील माणसांचाही क्षणभर विचार करावा.