वेष नवा, माणूस तोच

पुस्तकातलं वेषांतर म्हणजे खरा माणूस लपवण्याची युक्ती, असं आपण धरून चालतो. महाभारतातलं विराटपर्व नीट वाचलं तर उलटंच दिसतं. द्यूतात राज्य आणि बायको हरलेला युधिष्ठिर अज्ञातवासासाठी सोंग कोणतं निवडतो? राजाशी फासे खेळणाऱ्या कंकाचं! खादाड भीम बल्लव होऊन थेट मुदपाकखान्यात शिरतो. कोणी म्हणेल, यात मनाचा तळ कसला शोधता. अंगी होतं ते कसब वापरलं, इतकंच. बृहन्नडा झालेला अर्जुनही चित्रसेन गंधर्वाकडे नृत्य-गायन शिकलेला होताच. आक्षेप बिनतोड वाटतो खरा, पण कीचकाच्या प्रसंगापाशी तो लंगडा पडतो.

भर दरबारात विराट राजाचा मेहुणा कीचक सैरंध्री झालेल्या द्रौपदीला लाथ मारतो. भीम दातओठ खातो. कंक मात्र खेळात व्यत्यय नको म्हणून रडणाऱ्या द्रौपदीलाच आत जायला सांगतो. ओळख पटली तर पुन्हा १२ वर्षं वनवास, ही त्याची अडचण खोटी नाही. पण द्रौपदीची विटंबना झाली त्या हस्तिनापूरच्या सभेत असं कुठलंच सोंग नव्हतं, तरीही तो गप्पच बसला होता. सोंगाखाली माणूस तोच होता. याउलट अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मधल्या लखोबा लोखंडेचे मुखवटे कितीही सोलले, तरी हाती भामटाच लागतो, नाटक रंगतं, माणूस उलगडत नाही. इथे द्रौपदी रात्री उठते ती थेट स्वयंपाकघरात झोपलेल्या भीमाकडे जाते. पाचांपैकी कोणावर विसंबायचं, हे तिला सैरंध्री होण्याआधीच ठाऊक होतं.