पंचेचाळीस टक्क्यांची बारावी

अभियांत्रिकीला जायचं तर बारावीला किती हवेत? महाराष्ट्रात उत्तर सोपं आहे: भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा एखादा विषय मिळून ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४०. तेवढे पडले की पुढचं सीईटीचं पर्सेंटाइल बघून घेतं. ४६ वाला आणि ९६ वाला, बारावीपुरते दोघे सारखेच.

या व्यवस्थेचे कैवारी म्हणतात, हाच खरा न्याय. मंडळं निरनिराळी, कुणाचा हात सैल तर कुणाचा आखडता. सीईटीत मात्र सगळ्यांना एकच पेपर. एकच पेपर? परीक्षा अनेक सत्रांत होते, दर सत्राचा पेपर वेगळा, म्हणूनच गुणांऐवजी पर्सेंटाइल काढावं लागतं. २०२५ मध्ये तर एका सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्याय चुकले आणि फेरपरीक्षा घ्यावी लागली. सत्रासत्रांतली तफावत आकडेमोडीने मिटवता येते, मग मंडळामंडळांतली का नाही? कर्नाटकात आणि केरळात बारावी आणि प्रवेश परीक्षा यांना निम्मं-निम्मं वजन आहे. तमिळनाडूने २००६ च्या कायद्याने अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षाच मोडीत काढली. तिथे बारावीच्या गणिताचे १०० आणि भौतिक-रसायनाचे ५०-५० धरून २०० पैकी कट-ऑफ लागतो. तिथले इंजिनिअर कच्चे निघतात असं पुण्याच्या आयटी कंपन्यांत कुणी म्हणत असेल तर मला भेटवा. आणि परराज्यांत कशाला जायचं, आपणच २०१४ आणि २०१५ ला जेईई मेन आणि बारावी अर्धी-अर्धी मोजली होती.

कॉपीचा आक्षेप मात्र खोटा नाही. गुणांना भाव आला की कॉपीलाही येणार. पण त्यावर इलाज केंद्रांवर करायचा की परीक्षाच बिनकिमतीची करून टाकायची?

बिनकिमतीची केल्याने काय झालं, ते ज्युनिअर कॉलेजात जाऊन बघा. नाव कॉलेजच्या पटावर, मुलगा दिवसभर क्लासात, हजेरीचं दोघांनी आपसांत मिटवलेलं. याला 'इंटिग्रेटेड' म्हणतात आणि त्याची वेगळी फी घेतात. भौतिकशास्त्राच्या शंभरात तीस गुण प्रात्यक्षिकाचे. परीक्षा तोंडावर आली की जर्नल एका बैठकीत लिहून होतं. निरीक्षणं गेल्या वर्षीच्या जर्नलातली. लंबकाचा आवर्तकाल दशांशासकट तोच, फार तर शेजाऱ्याशी जुळू नये म्हणून एखादा अंक इकडचा तिकडे. परीक्षकांनी व्हर्निअरचं लघुतम माप विचारलं तर मुलगा खाडकन सांगतो, चार पर्यायांत शंभरदा वाचलेलं असतं. कॅलिपर हातात दिला की नळीचा आतला व्यास कुठल्या जबड्याने घ्यायचा, तिथे गाडी अडते. याला उद्या आपण इंजिनिअर म्हणणार.

सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीला दंड नाही. राहिलेल्या प्रश्नांवर शेवटच्या मिनिटाला डोळे मिटून क्लिक करायचं, लागला तर लागला. चपळाई तिथे जरूर कळते. पायरी-पायरीने सिद्धता मांडता येते का, हे फक्त बारावीच्या उत्तरपत्रिकेत दिसतं.

दोन्ही मोजलं तर मुलांवर दुप्पट ताण, असंही ऐकवलं जातं. सीईटीचा अभ्यासक्रम राज्य मंडळाचाच आहे, साधारण ८० टक्के बारावीचा, २० टक्के अकरावीचा. पुस्तक एकच, मग दुप्पट काय झालं?

तेव्हा निम्मी बारावी, निम्मी सीईटी; मंडळांचे गुण एका पातळीवर आणून. प्रात्यक्षिक परीक्षा दुसऱ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत. तीस गुणांची खैरात थांबेल आणि इंटिग्रेटेडवाले ओरडतील. ओरडू द्या.